दोन पेट्या आंबा आणि दोन निकाल

गडग्यापलीकडचा

मंडळी, हा धागा काढू की नको यात पंधरा दिवस गेले. बायको म्हणाली, काढाच. चार लोकांच्या शिव्या खाल्ल्या की झोप तरी लागेल.

सिंधुदुर्गात आमची कलमं आहेत, दोनशेच्या आतबाहेर. राखणीला नेपाळी गडी आणि जोडीला माझा पुतण्या. गेल्या हंगामात, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, गड्याने दोन पेट्या परस्पर एका टेम्पोवाल्याला विकल्या. रिकामी खोकी मोजून दिली होती, भरताना दोन कमी आली, म्हणून कळलं. विचारलं तर खाली मान. त्याच संध्याकाळी त्याचे अकरा दिवसांचे पैसे कापले आणि त्याला एसटीत बसवून दिलं. वहीत लाल पेनाने लिहिलं, 'दोन पेट्या, चोरी'.

वीस मे उलटल्यावर पुतण्याने हेच केलं. पेट्याही दोनच. मित्राला दिल्या, पैसे खिशात. मी त्याला मागच्या पडवीत नेऊन झाडला. 'सॉरी काका' म्हणाला. रात्री एका पंगतीला बसून आम्ही बांगड्याचं तिखलं जेवलो. वहीत लिहिलं, 'दोन पेट्या, घरखर्च'.

हे मला तेव्हा खटकलंही नव्हतं. खटकलं ते गणपतीनंतर. बागेत जायच्या आमच्या जुन्या पायवाटेवर शेजाऱ्याने चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलाय. तहसीलदारांकडे अर्ज केला, तो दोन-तीन तारखांत फेटाळला गेला. पलीकडच्या गावात माझ्या मित्राचं अगदी असंच प्रकरण, त्याला वाट मिळाली. घरी येऊन मी तासभर ओरडत होतो. एकच कायदा, एकच कचेरी, त्याला एक न्याय आणि मला दुसरा! बायको काही बोलली नाही. वही आणली, दोन पानांत दोन बोटं घालून माझ्यापुढे उघडून ठेवली.

तर विचारायचं हे, की न्यायाधीश माणसागणिक बदलतात म्हणून आपण गळा काढतो, मग घरातला न्याय कोण तपासणार?

शंकासुर

पहिल्या प्रतिसादाचा मान माझा. घरखर्च!! वहिनींना साष्टांग दंडवत.

काळा_कोट

चिपळुणात वकिली करतो. आधी वाटेचं बोलू, कारण तिथे तुमच्यावर अन्याय झालाय असं मला वाटत नाही. गडगा कधी घातला आणि अर्ज कधी केलात?

गडग्यापलीकडचा

गडगा तुळशीच्या लग्नानंतर लगेच. अर्ज जुलैत. मध्ये मोहोर, फवारण्या, शिमगा, मग आंबा. हंगामात कोण कचेरीच्या पायऱ्या चढणार?

काळा_कोट

म्हणजे आठ महिने. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली वाटेतला अडथळा काढून मिळतो, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. तुमचे मित्र बहुतेक मुदतीत गेले असतील. वाट खरी की खोटी हा प्रश्न तुमच्या बाबतीत उघडलाच गेला नसणार. या निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते. पण दिवाणी कोर्टाचा दरवाजा अजून उघडा आहे. वीस वर्षं उघडपणे, कोणी न अडवता, हक्काने वापरलेली वाट असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ बघा. मात्र अडथळा आल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावा, यंदाचा आंबा संपायची वाट बघू नका.

आता पेट्यांकडे येतो. तुम्ही दोघांना वेगळा न्याय दिलात म्हणून स्वतःला दोष देताय, पण कायद्याची वही तुमच्या वहीपेक्षा फार वेगळी नाही. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत. भारतीय दंड विधानात हे कलम ३८१ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम ३०६ झालं, सात वर्षं तशीच. पुढे आणखी गंमत. नव्या कलम ३०३ मध्ये अशी सोय आहे, की माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. ही सोय साध्या चोराला आहे, नोकराच्या कलमात ती नाही.

तुमच्या दोन पेट्या घ्या. मार्चच्या सुरुवातीला दोन पेट्या पाच हजार सहज ओलांडतात. वीस मेनंतर पावसाच्या भीतीने भाव पडलेला, त्याच पेट्यांचे तीन हजार आले तर नशीब. म्हणजे पुतण्या नोकर नाही, वर मालही स्वस्त. किंमत परत करून कोर्टात उभा राहिला असता तर पंधरा दिवस ग्रामपंचायतीचं अंगण झाडून सुटला असता. गड्याला बहुधा तुरुंगवास बघावा लागला असता. यात न्यायाधीशाची लहर कुठेच आली नाही.

आणि एक. अकरा दिवस त्याने काम केलंय. ते पैसे दंड म्हणून कापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

गडग्यापलीकडचा

शेवटचा प्रश्न बायकोनेही विचारला होता. तिला मी म्हटलं होतं, तू वकील आहेस का.

मास्तर_दापोलीकर

कोर्टाचं मला कळत नाही, पेपरांचं कळतं. नववीच्या निबंधांचा एक गठ्ठा, वीस पेपर, मी मुद्दाम जपून ठेवला होता. गुण पेपरावर न लिहिता वेगळ्या कागदावर टिपले, कागद कपाटात. सहा महिन्यांनी तोच गठ्ठा पुन्हा तपासला. दहापैकी सात दिलेल्या एका मुलीला दुसऱ्यांदा मी चार दिले. निबंध तोच, 'आमच्या गावची जत्रा', तपासणारा तोच, लाल पेनही बहुतेक तेच. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी शाळेत तपासणी होऊन गेली होती आणि मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. वीसपैकी सहा-सात पेपरांतच गुण जसेच्या तसे आले.

त्या मुलीला अजून सांगितलेलं नाही. आता ती परिचारिका आहे, भेटली की वाकून नमस्कार करते.

चाकरमानी_डोंबिवली

मास्तर, जबरदस्त! यावरून आठवलं. इस्रायलमध्ये पॅरोलच्या अर्जांवरचे हजारावर निकाल अभ्यासून २०११ मध्ये एक शोधनिबंध आला होता. न्यायाधीश नुकतेच खाऊन आलेले असले तर सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर, आणि पुढची सुट्टी जवळ आली की मंजुरी जवळजवळ शून्यावर. थोडक्यात, वकिलाने कागदांबरोबर डबाही न्यावा.

शंकासुर

डब्याची गोष्ट सगळ्यांना आवडते म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही. त्या अभ्यासावर लगेच आक्षेप आले होते. तिथे अर्ज कुठल्याही क्रमाने येत नव्हते. ज्यांना वकील नाही असे कैदी बहुधा सुट्टीच्या आधी शेवटी घेतले जात, आणि वकील नसेल तर अर्ज तसाही फेटाळला जायची शक्यता जास्त. भुकेपेक्षा वकील नसणं महाग पडलं असेल. वडापाव निर्दोष.

लघुलेखक_निवृत्त

कोर्टात टंकलेखन करण्यात माझी नोकरी गेली. कोर्ट कुठलं ते सांगत नाही. शंकासुरांच्या मुद्द्याला जोडून एक प्रसंग सांगतो, तो मी स्वतः टाइप केलेला आहे. तेव्हा मशीनला तीन कार्बन लावायचो, शेवटची प्रत पुसट यायची.

एकाच दिवशी दोन पोरं उभी होती. दोघंही विशीतली, दोघांचा पहिलाच गुन्हा, दोघांवर सायकलचोरी, दोघांनी कबूल केलेली. एकाच्या मागे त्याचा बाप उभा होता, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात टोपी, आणि बापाबरोबर गावचे पोलीस पाटील. दुसऱ्याच्या मागे भिंत. तो बांधकामावर कुठल्याशा राज्यातून आलेला, मुकादम आलाच नव्हता. पहिल्याला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. दुसऱ्याला तीन महिने.

साहेब दुष्ट नव्हते, उलट फार भला माणूस. पण त्या कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटलंय, की गुन्हेगाराला किंवा त्याच्या जामीनदाराला पक्का राहता ठिकाणा किंवा नियमित कामधंदा असल्याची कोर्टाची खात्री झाली पाहिजे. बांधकामावरच्या पोराचा ठिकाणा म्हणजे सिमेंटच्या गोण्यांवर टाकलेली ताडपत्री. निकालपत्रात कारणं दोन्हीकडे लिहिली होती आणि दोन्हीकडे बरोबर होती. मी टाइप केली ना.

दुपारी साहेबांनी डबा उघडला नाही एवढं आठवतं. (शंकासुर, इथे उपास निकालाच्या नंतरचा, आधीचा नव्हे.)

रापणकार

माका मालवणीतूनच लिवाक येता, रागवा नको. आमच्या रापणीचा सांगतंय. जाळा किनाऱ्याक लागाच्या आदी ज्येचो हात दोरयेक लागलो, त्येका वाटो. म्हातारो असांदे नायतर पोर असांदे. आजो माझो सांगी, वाटो घालताना तोंड बघू नको, हात बघ.

एकदा कोण तरी परको माणूस इलो, घाटावरचो. त्येनाव दोरी ओढली. म्हावरा बक्कळ गावला. लोक म्हणाक लागले, ह्यो आमच्या वाडीचो नाय, ह्येका कसलो वाटो? आजो कोणाचाच आयकलो नाय, त्येका वाटो दिलोच. पण बांगडे मोठे मोठे आमच्याकडे आणि बारके बारके त्येच्याकडे. मोजल्यार सारकेच. मी शेजाक बसून बघलंय.

न्याय झालो काय नाय झालो? माका अजून कळूक नाय.

शंकासुर

रापणकार, या धाग्यातला सगळ्यात मोठा बांगडा तुमचा.

चाकरमानी_डोंबिवली

म्हणूनच मला वाटतं, माणसाच्या हाती काही ठेवूच नये. तक्ता करायचा. हा गुन्हा, एवढी शिक्षा, संपलं. किंवा सरळ देवाला कौल लावावा, उजवा की डावा.

काळा_कोट

तक्ता अमेरिकेने करून बघितलाय. एकाच गुन्ह्याला एका न्यायाधीशाकडे दोन वर्षं आणि दुसऱ्याकडे दहा, अशी ओरड झाली म्हणून १९८४ मध्ये कायदा केला आणि शिक्षेचे बंधनकारक कोष्टक आणले. पुढे न्यायाधीशच म्हणू लागले, की समोरचा माणूस आम्हाला दिसतो पण कोष्टकाला दिसत नाही. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कोष्टक केवळ सल्ल्यापुरतं ठेवलं.

आपल्याकडे मलिमथ समितीने २००३ मध्ये शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वं असावीत असं सुचवलं होतं, सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची उणीव बोलून दाखवली आहे. बहुतेक कलमांत वरची मर्यादा आहे, मधली सगळी जागा मोकळी.

या मोकळ्या जागेत काय होतं त्याचं एक प्रकरण मी नव्या ज्युनियरला पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. हरबन्स सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, १९८२. एकाच हत्याकांडात तिघांना फाशी झाली होती. तिघे वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे. एकाचा अर्ज फेटाळला गेला आणि १९८१ च्या ऑक्टोबरात त्याला फाशी दिली गेली. दुसऱ्याची शिक्षा १९७७ मध्येच जन्मठेपेवर आली होती. तिसरा हरबन्स. त्याचा अर्ज आणि फेरविचार अर्ज दोन्ही फेटाळले गेले होते, पण त्याने पुन्हा धाव घेतली आणि फाशीला स्थगिती मिळाली. तेव्हा कुठे न्यायालयाच्या लक्षात आलं, की एकाच गुन्ह्याचे तीन शेवट होऊ घातलेत. त्याची फाशी रद्द करावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली गेली. पहिला मात्र गेला तो गेला.

त्याच वर्षी न्यायमूर्ती भगवतींनी बचन सिंग प्रकरणातल्या, म्हणजे फाशीची शिक्षाच घटनेत बसते का या प्रकरणातल्या, आपल्या भिन्नमताची कारणं दिली. खंडपीठावर कोण बसलंय यावर माणसाचा जीव अवलंबून राहतो, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. बहुमताने १९८० मध्येच 'दुर्मिळातील दुर्मिळ' हा निकष घालून दिला होता. दुर्मिळ कशाला म्हणायचं, हे पुन्हा खंडपीठच ठरवणार.

अवांतर: आमची अपिलं आता मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, १८ ऑगस्ट २०२५ पासून. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही. मुंबईची रात्रीची गाडी टळली, आता घाटातली वळणं आणि ओकारीची गोळी. न्याय जवळ आला की लांब गेला, यावर आमच्या बाररूममध्ये रोज दोन गट पडतात.

मास्तर_दापोलीकर

खंडपीठाचा विषय निघालाच आहे तर रत्नागिरीच्या सुपुत्राला कसं विसरायचं? टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाखाली अठरा महिने. तेव्हा ज्यूरीत सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन भारतीय निर्दोष म्हणाले. १९०८ मध्ये पुन्हा तेच कलम १२४ अ. सात युरोपियन दोषी, दोन पारशी निर्दोष, सहा वर्षं हद्दपारी. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील! मग १९१६ मध्ये भाषणांवरून तसाच आरोप ठेवून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला, वकील जिना, आणि उच्च न्यायालयाने तो हुकूमच रद्द केला. माणूस तोच, जहालपणा तोच.

मुलांना शिकवताना मी ज्यूरीचे आकडे फळ्यावर लिहितो. बाकी काही बोलावं लागत नाही.

खाडीकाठची

इथे कोर्टावरच सगळे घसरलेत म्हणून लिहिते. मी रायगडची. आमच्या गावकीने माझ्या वडिलांना वाळीत टाकलं होतं. कारण ऐकाल तर हसाल. मंदिराच्या वर्गणीचा हिशोब मागितला. चार वर्षं आमच्या दारात पालखी थांबली नाही, ढोल समोरून वाजत जायचे. वाण्याने मीठ दिलं नाही. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला मामाच्या गावाहून टेम्पो भरून माणसं आणावी लागली. चुलतकाका शेजारच्या खिडकीतून बघत होते, त्यांनी बाहेर पाऊल टाकलं असतं तर त्यांनाही दंड बसला असता.

आणि त्याच गावकीने, त्याच वर्षी, दुसऱ्या एका घराला याहून मोठ्या भांडणात नारळ देऊन मोकळं केलं. का? विचारायचं कोणाला? निकालपत्र नाही, कारणं नाहीत, वरचं कोर्ट नाही. २०१७ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. तो यायच्या आधीच आमचा विषय 'मिटला' होता. वडिलांनी मंदिराच्या पायरीवर उभं राहून माफी मागितली. हिशोब अजून मिळालेला नाही.

कोर्ट वेळ काढतं हे मान्य. आमच्याच जिल्ह्यात चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब १९२७ च्या मार्चमध्ये प्यायले आणि तळ्यावरच्या दाव्याचा उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला आला. दहा वर्षं! पण आला, लिहून आला, आणि आजही काढून वाचता येतो. चाकरमानी, तुमच्या कौलाचं तसं नाही हो. तांदूळ कुठल्या बाजूला पडला हे गुरव सांगणार, आणि गुरवाला गावकी.

चाकरमानी_डोंबिवली

कौलाचं गमतीने लिहिलं होतं. मागे घेतो.

लघुलेखक_निवृत्त

खाडीकाठची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काही लिहीत नाही.

धागाकर्ते, एक विचारू? गड्याने पेट्या का विकल्या ते विचारलंत का? आमच्याकडे शिक्षा ठोठावण्याआधी आरोपीला विचारायचीच पद्धत, 'शिक्षेबद्दल काही सांगायचंय का?' बहुतेक जण घरी म्हातारी आई आहे म्हणतात. मी त्यासाठी अर्धी ओळ मोकळी सोडायचो.

गडग्यापलीकडचा

नाही विचारलं. पुतण्याला विचारलं होतं. मोबाईलचा हप्ता होता.

खरं सांगायचं तर गड्याचं नावही मला उशिरा कळलं. सगळे त्याला बहादूरच म्हणायचो. पोलीस ठाण्यात कामगारांची माहिती द्यायचा फॉर्म भरताना पहिल्यांदा खरं नाव वाचलं, आणि पुन्हा विसरलो. इतकी वर्षं आमच्या माचावर झोपलेला माणूस.

शंकासुर

किती वर्षं?

गडग्यापलीकडचा

सहा हंगाम.

काळा_कोट

पैसे द्या आधी. बाकीची चर्चा नंतर करू.

गडग्यापलीकडचा

आठ दिवसांनी लिहितोय, मध्ये फवारणी होती.

त्याचा जुना नंबर बंद लागतो. यंदाचा गडी त्याच्याच गावाकडचा निघाला. तो म्हणाला, तो राजापूरच्या बाजूला एका बागेत आहे. त्याच्यामार्फत अकरा दिवसांचे पैसे पाठवले. फोनवर तीन मिनिटं बोललो. पेट्या का विकल्यास विचारलं तर म्हणाला, 'शेठ, अब छोडो.' पैसे मिळाल्याचं मात्र दोनदा सांगितलं. परत येतोस का विचारायचं मनात होतं, विचारलं नाही. तो तिथे रुळलाय आणि मलाही तोंड नव्हतं.

शेजाऱ्यावर दिवाणी दावा लावायला कागद गोळा करतोय. पायवाट वीस वर्षांची आहे हे सांगायला साक्षीदार लागणार. सगळ्यात जास्त वेळा त्या वाटेने डोक्यावर क्रेट घेऊन कोण गेलंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

खाडीकाठची

आणि वही?

गडग्यापलीकडचा

बायकोने 'घरखर्च' खोडायला लावलं. त्याच लाल पेनाने लिहिलं, 'दोन पेट्या, चोरी'. खाली पुतण्याचं नाव. काल तो सुट्टीला आला होता, पॅकिंगची खोकी मोजायची म्हणून त्यानेच वही उघडली. पान त्याच्यासमोरच आलं.

शंकासुर

मग? काय म्हणाला?

गडग्यापलीकडचा

थोडा वेळ बघत बसला. मग वही मिटून म्हणाला, 'काका, यंदा पहिल्या पेटीचा भाव काय धरलाय?'